गाडीला अर्थिंग

अधिक महिन्यात जावई हा साक्षात नारायण असतो, असं आमच्या सासूबाई मैनाबाई म्हणतात. बाकीच्या महिन्यांत तो काय असतो ते त्या सांगत नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. दर तीन वर्षांनी मिळणारं देवपण माणसानं गुपचूप भोगून घ्यावं. अकोल्याला सासरी जावं, पाटावर बसावं, पाय धुऊन घ्यावेत, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खावेत, मिळालेलं वाण बायकोच्या हाती द्यावं आणि दिवस मावळायच्या आत अमरावतीला परत यावं. मागच्या अधिकात मला चांदीचं निरांजन मिळालं, त्याच्या आधीच्यात तांब्याचं भलंमोठं ताम्हण. वाण नाकारता येत नाही, आणि अधिक संपायच्या आत ते वापरात यावं लागतं, नाहीतर देणाऱ्याचं पुण्य मधेच अडकतं म्हणे. निरांजन लावायला काही अक्कल लागत नाही. त्यामुळे माझं नारायणपण आजवर निर्विघ्न पार पडत आलं होतं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला, आणि अनारशांच्या परातीशेजारी हळदीकुंकू लावलेला ॲम्प्लिफायर निघाला.

ही कल्पना माझा साळा बंडू याची. बंडूचं अकोल्यात गाड्या सजवायचं दुकान आहे. सीटकव्हर, हॉर्न, दिवे, गोंडे, साउंड असं सगळं तो दुसऱ्यांच्या गाड्यांना बसवतो आणि स्वतः मोटारसायकलवर फिरतो. ॲम्प्लिफायर म्हणजे गाडीतल्या टेपचा आवाज कितीतरी पट वाढवणारं एक जड लोखंडी खोकं. त्याच्या जोडीला धान्याच्या कोठीएवढा स्पीकरचा डबा. चांदी कपाटात जाते, साउंड रोज वाजते, असं सांगून बंडूनं हे वडिलांच्या गळी उतरवलं होतं. तो माल दुकानात किती दिवसांपासून पडून होता हे मी विचारलं नाही. नारायण असं काही विचारत नाही.

"भाऊजी, गाडी दुकानात आणजा," बंडू म्हणाला. "आपला कारागीर एका दुपारी बसवून देते."

इथं मी हो म्हणालो असतो तर आमच्या कॉलनीचा नळ फुटला नसता. पण थांबायचं कुठं हे बंडूला कळत नाही. तो पुढं म्हणाला, "तुमी हात नोका लावू त्याले. हे लाइटचं काम हाय. तुमचं आपलं कालव्याचं."

मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे, तिवश्याच्या कालव्यावर. एखाद्या माणसाला त्याच्या सासरी, पाटावर, कपाळाला ओलं कुंकू असताना कालव्याचा म्हणणं याला काय म्हणावं? मी अनारसा ताटात ठेवला. "बंडू," मी म्हणालो, "पाणी काय अन् वीज काय, दोन्ही वायतेच. मी सोता बसवतो."

समोर माझे सासरे महादेवराव बसले होते. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मूर्तिजापूरकडची काळी जमीन आयुष्यभर स्वतः कसलेला माणूस. आवाज असा की यांनी बांधावरून हाक मारली की शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. गेल्या काही वर्षांत कान गेले. बंडूनं कानाचं मशीन आणून दिलं तर ते त्यांनी सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. "कानात मशीन घालाले मी काय म्हतारा झालो?" असं त्यांचं म्हणणं. फोनसाठी त्यांनी काही वाक्यं ठरवून घेतली आहेत. पलीकडचा काहीही बोलो, ते ओळीनं म्हणतात, "हाव. बरं हाय. जेवली का? ठेवतो."

माझी मुलगी दामिनी म्हणजे त्यांचा जीव. लहानपणी उन्हाळाभर ती त्यांच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही. पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिनं आमच्याही आधी आबांना फोन लावला. "आबा, मला नोकरी लागली." आबा म्हणाले, "हाव. बरं हाय. जेवली का? ठेवतो." आणि ठेवला. पोरगी आधी हसली, मग रडली, आणि पुढं पुढं तिनंही स्वतःची वाक्यं ठरवून घेतली. आबा, जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. नातीचं आणि आजोबाचं बोलणं आता एका दमात आटोपतं, आणि नोकरीचं आबांना दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असेल असं घरात प्रत्येकाला वाटत राहिलं.

मैनाबाईंनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं की जवाईबुवा सोता बसवतो म्हणतात. महादेवरावांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "अधिक सराच्या आत वाजलं पायजे, जवाईबुवा," ते म्हणाले. "मी येतो अमरावतीले. आयकाले."

त्यांच्या तोंडून 'आयकाले' आल्यावर मैनाबाई सगळ्यांना पुन्हा तूप वाढू लागल्या.

परतताना माझी बायको साधना बडनेऱ्यापर्यंत अनारशांचा डबा मांडीवर धरून बसली होती. मग म्हणाली, "आबा कुठीच जात नाई आता. तुमच्याकडं सोताहून येतो म्हणाले. ते नीट नाई वाजलं ना, तर त्याईले वाटन का वाजलं असन, आपल्यालेच नाई आयकू आलं."

रविवारी सकाळी मी गाडी अंगणात घेतली आणि बॉनेट उघडलं. ॲम्प्लिफायरला टेपच्या वायरमधली वीज पुरत नाही. त्याला थेट बॅटरीतून जाड लाल वायर न्यावी लागते. ती इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यातून आत घ्यायची, गालिच्याखालून मागं न्यायची आणि डिकीत ठेवलेल्या खोक्याला लावायची. पुस्तिकेत हे चार ओळींत लिहिलं होतं. पत्र्यातलं भोक सापडेपर्यंत माझ्या गाडीचे सीट, गालिचे, पायपुसणी आणि डिकीतलं स्पेअर चाक सगळं अंगणात आलेलं होतं. समोरच्या घरातल्या मनकर्णाबाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. कॉलनीत कुणाकडे काय शिजतंय हे त्या घराच्या मालकिणीआधी मनकर्णाबाईंना कळतं.

"गोवर्धनभाऊ," त्या म्हणाल्या, "गाडीचे आतडे काहून बाहेर काढले?"

"साउंड बसवून राह्यलो, ताई."

"इकून टाका नं त्यापेक्षा," असं म्हणून त्या ही बातमी पोचवायला निघून गेल्या.

बातमी प्रथम पोचली ती देवीदासरावांकडे. देवीदासराव विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते सबस्टेशनच्या खाली बोलत नसत. निवृत्तीनंतर कॉलनीतले पंखे, कूलर आणि मिक्सर एवढ्यावरच त्यांना दिवस काढावे लागत होते, त्यामुळे माझी गाडी पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते टेस्टर घेऊन आले. लाल वायर त्यांना पसंत पडली. बॅटरीजवळचा फ्यूज पसंत पडला. टेपमधून येणारी बारीक निळी वायर, जी ॲम्प्लिफायरला उठ म्हणून सांगते, तीही त्यांनी चालवून घेतली. मग राहिली काळी वायर. जेमतेम हातभर. ती जिथं लावायची तिथं खोक्यावर एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघांची खूण होती.

देवीदासरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हे अर्थिंग हाय, गोवर्धनराव."

"पुस्तकात लिवलं का हे गाडीच्या बॉडीले लावा."

"बॉडी कशावर उभी हाय?"

"चाकावर."

"चाक कायचं हाय?"

"रबराचं."

"रबरातून करंट जाते?"

रबरातून वीज जात नाही हे मी शाळेत शिकलो होतो आणि त्या प्रश्नाचे मार्कही मला मिळाले होते. "मंग अर्थिंग जमिनीत जाईन कसं?" देवीदासराव शांतपणे म्हणाले. "म्हणूनच लोकाईचे साउंड जयतात. कंपन्या अर्थिंगचा खर्च वाचवतात, बाप्पा."

आता तुम्ही हसाल. गाडीचा सगळा पत्राच बॅटरीच्या उण्या टोकाला जोडलेला असतो, काळी वायर पत्र्याला टेकली की झालं, तिचा जमिनीशी काही संबंध नाही, हे मला आज माहीत आहे. आता ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. पण त्या सकाळी दोन सुशिक्षित माणसं एका रबरी टायरकडे बघत उभी होती आणि दोघांनाही त्यात कुठंच चूक दिसत नव्हती.

पक्कं अर्थिंग म्हणजे खड्डा. कमरेइतका खोल, त्यात तांब्याचा पत्रा, वर कोळसा, मग मीठ, मग कोळसा, मग मीठ. विजेच्या रोहित्राला करतात त्याहून कमी अर्थिंग करायला देवीदासराव तयार नव्हते. अंगणात फरशी असल्यामुळे खड्डा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला घ्यायचं ठरलं. कोळसा मिळाला. मीठ मिळालं, जाडं मीठ पोतंभर घेताना दुकानदारानं, लोणचं का, म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो. तांब्याचा पत्रा मात्र रविवारी मिळेना. तेव्हा मला आठवलं की आपल्याकडे तांब्याचं भलंमोठं ताम्हण आहे, आणि ते वाण म्हणूनच मिळालेलं आहे. वाणाच्या कामाला वाण आलं, यात मला एक प्रकारचं औचित्यही दिसलं. साधना आंघोळीला गेली होती.

उन्हाळ्यातली आमची जमीन वरून भेगाळलेली आणि आत दगडासारखी. मी सब्बल, म्हणजे पहार, चालवत होतो, देवीदासराव खोली सांगत होते. गुडघ्याच्या जरा वर गेल्यावर सब्बल एका जागी सहज आत गेली. मला बरं वाटलं. मग खड्ड्यातून पाणी वर आलं.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. तो नळाचा दिवस होता आणि वेळही नळाचीच होती. सगळ्या कॉलनीचं पाणी माझ्या फाटकासमोरून तिवश्याच्या दिशेनं वाहू लागलं. लोक बादल्या घेऊन बाहेर आले, मनकर्णाबाई सगळ्यांत पुढं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुमी कालव्याचे साहेब ना? चांगला काढला." बंडूनं म्हटलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी संबंधित कार्यालयात गेलो. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. मला अजून त्याच गावात पाणी प्यायचं आहे. तिथं सहदेव नावाचे गृहस्थ होते. अत्यंत सज्जन. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि सांगितलं की पाइप लगेच दुरुस्त होईल, पण बेकायदा खड्ड्यातला पाइप त्यांना दुरुस्त करता येत नाही. आधी खड्डा कायदेशीर करून घ्यावा लागेल.

"खड्डा कायचा हाय, सर?" त्यांनी कॉम्प्युटरवर बोटं ठेवून विचारलं.

"गाडीच्या अर्थिंगचा."

सहदेवांनी पडद्यावरची यादी बोटानं वरून खाली तपासली. "याच्यात नळ हाय, गटार हाय, केबल हाय, मंडप हाय. गाडीचं अर्थिंग नाई."

"इतर मंधी टाका."

"इतर मंधी टाकलं का प्रस्ताव वर जाते. वर गेलेला आजून एकई वापस नाई आला." ते खरोखर हळहळले. मग त्यांचा चेहरा खुलला. "मंडप टाकू का? मंडपाले खड्डे लागतेतच."

मी मंडपाची परवानगी घेतली. सहदेवांनी शिक्का मारला आणि जाता जाता सांगितलं, "फक्त मंडप टाकजा मात्र. आमचा मानूस पाहाले येईन. खड्डा हाय अन् मंडप नाई म्हटलं का पुन्हा केस होते."

अशा रीतीनं एका ॲम्प्लिफायरसाठी माझ्या दारात मंडप पडला. लाल-पिवळा, झालरीचा. साधनानं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन कूलर फुल केला. पाइप दुरुस्त झाला, नळ आला, खड्डा कोळशा-मिठानं भरला. ताम्हणाला हिरवी जाड वायर बांधून ती फाटकावरून, मंडपाच्या खांबाला एक वेढा देऊन, गाडीच्या मागच्या खिडकीतून आत घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या तीन रेघांना जोडली. देवीदासरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी टेप लावला. खोक्यावरचा दिवा मिणमिणला. स्पीकरमधून भजन आलं, पण ते फार लांबच्या गावात चालल्यासारखं, आणि त्याच्यावर एक बारीक कुंईऽऽ असा आवाज. मी इंजिन चालू केलं तर कुंई वाढली. ॲक्सिलरेटर दाबला तर तीही वरच्या पट्टीत गेली. मनकर्णाबाई खिडकीतून म्हणाल्या, "गोवर्धनभाऊ, मांजरीचं पिल्लू अडकलं का पाहा." मी आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला. भजन तेवढंच राहिलं.

"अर्थिंग कोल्लं हाय," देवीदासराव म्हणाले. "पानी टाका. रोज."

म्हणून मी रोज संध्याकाळी खड्ड्यात बादलीभर पाणी टाकू लागलो. ज्या कॉलनीचा नळ फोडला त्याच कॉलनीच्या देखत. पण मंडपाखाली एक माणूस रोज भक्तिभावानं खड्ड्यात पाणी घालतो म्हटल्यावर काहींना त्यात वेगळंच दिसू लागलं. एका सकाळी खड्ड्यावर हळदीकुंकू आणि दोन उदबत्त्या होत्या. त्यात अधिक महिना, दारात मंडप, सासरे येणार ही कुणकुण. मनकर्णाबाईंनी सगळा हिशेब जुळवला आणि घरोघर सांगून टाकलं की गोवर्धनभाऊंकडं रविवारी धोंड्याचं जेवण आहे, सगळ्या कॉलनीला. मी नाही म्हणू शकलो नाही. ज्यांचं पाणी तोडलं त्यांना जेवायला नाही म्हणायला फार मोठा माणूस लागतो.

साधना पुरण वाटता वाटता फक्त एकदाच बोलली. "ताम्हण कुठी ठेवलं हो तुमी? आबा आले का त्याईच्या पुढं काढा लागीन."

मी म्हणालो, "हाय. वापरात हाय."

रविवारी महादेवराव आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. मैनाबाई, बंडू. मंडप पाहून महादेवरावांचे डोळे भरून आले; जावयानं आपल्या वाणासाठी मंडप घातला असं त्यांना वाटलं, आणि ते खोटं होतं असंही म्हणता येणार नाही. सगळी कॉलनी पत्रावळी मांडून बसली होती. बंडू मात्र सरळ गाडीकडे गेला. खिडकीतून बाहेर येणारी हिरवी वायर त्यानं डोळ्यांनी खांबापर्यंत नेली, खांबावरून फाटकापर्यंत, फाटकावरून खड्ड्यापर्यंत. मग तो मटकन ओट्यावर बसला.

"भाऊजी," तो म्हणाला, "गाडी काहून बांधून ठेवली? पयून जाते का?"

"अर्थिंग हाय ते," देवीदासराव त्याला म्हणाले. "तुमच्या धंद्यातले लोक करत नाईत." बंडू हसता हसता आडवा झाला.

मी महादेवरावांना पुढच्या सीटवर बसवलं, मैनाबाईंना मागं. शेजारी मी बसलो आणि टेप लावला. कुंईऽऽ. त्याच्या खाली कुठंतरी भजन. महादेवरावांनी मान जरा वाकडी केली. टोपी काढली, कानामागून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली. बॉनेटच्या बाजूला साधना उभी होती. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे पाहत नव्हतो.

"लय मस्त वाजते, जवाईबुवा," महादेवराव म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लय मस्त."

त्यांना काहीही ऐकू आलेलं नव्हतं. माझा मान राहावा म्हणून हा म्हातारा खोटं बोलत होता. बंडूचं हसणं, कॉलनीचे टोमणे, खड्डा, मंडप सगळं मी पचवलं होतं, हे पचेना. आता उतरून बंडूला सांगावं की बाबा, तूच बसव, असं ठरवून मी दाराला हात घातला. तेवढ्यात महादेवराव काठी समोरच्या काचेकडे करून म्हणाले, "चाला मंग. अंबादेवीले जाऊन येऊ. वाजवत."

इतका मोठा मान राखणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी गिअर टाकला.

"वायर," देवीदासराव ओरडले. "वायर, भाऊजी," बंडू ओट्यावरून उठून ओरडला. सगळी कॉलनी पत्रावळीवरून उठून वायर, वायर म्हणू लागली. महादेवरावांना वाटलं लोक निरोप देताहेत. त्यांनी खिडकीतून हात हलवला. मीही हलवला. त्या क्षणी माझ्या डोक्यात वायर नव्हती.

गाडी फाटकाबाहेर पडली. मागं मंडपाचा खांब आधी वाकला, मग पडला, आणि लाल-पिवळा मंडप झालरीसकट सगळ्या कॉलनीवर उतरला. खड्ड्यातून कोळसा आणि मीठ उसळलं आणि त्यामागून, गेल्या अधिकाच्या आधीच्या अधिकातलं, सासरच्या नावाचं तांब्याचं ताम्हण बाहेर आलं. ते रस्त्यावर खणखणत, उड्या मारत आमच्या मागं धावू लागलं. मैनाबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. "अवो," त्या म्हणाल्या, "ते आपलं ताम्हन व्हय का?"

मी कचकन ब्रेक मारला. ताम्हणाला ब्रेक नव्हता. ते गाडीच्या पोटाखाली शिरलं आणि सायलेन्सर आणि चेसिसच्या मधे घट्ट जाऊन बसलं.

तांबं पत्र्याला टेकलं. उण्या टोकाची वाट पूर्ण झाली. आणि मी आठवडाभर शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला आवाज एकदम आला.

भजनाचा पहिला मृदंग पडला तेव्हा माझ्या छातीतली हाडं हलली. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. चार घरांच्या खिडक्या थरथरल्या. महादेवरावांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले आणि तोंड उघडं टाकून बसून राहिले. मी आवाज कमी करायला हात पुढं केला आणि तेवढ्यात, फोन टेपला जोडलेला असल्यामुळे, भजन थांबून फोनची घंटा वाजली. घंटा कसली, घणच. मी घाबरून दिसेल ते बटण दाबलं.

"बाबा," दामिनीचा आवाज आला. पुण्याहून निघून सगळ्या कॉलनीत भरला. "आबा पोचले का? जवळ असतील तर द्या, मी विचारून ठेवते." मी, आहेत, म्हणालो. "आबा, जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते."

महादेवरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग वळून मागच्या सीटवर पाहिलं. तिथं मैनाबाई होत्या.

"थांब," ते म्हणाले. "ठेवतं काहून?"

पलीकडून आलं, "आबा?"

"हाव. आयकू येऊन राह्यलं. बोल ना, बेटा."

"काय बोलू?" दामिनी म्हणाली. तिच्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं.

"मांगं तू कायतरी सांगत होती. लय खुशीत होती. मले आयकू नाई आलं." महादेवराव काचेकडे पाहत बोलत होते, एखाद्याच्या समोर बसून बोलावं तसे. "इचाराची शरम वाटली. ते सांग."

"आबा, मला नोकरी लागली."

"आसं?" ते म्हणाले. "कधी?" मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "साहेब कसा हाय? तरास देत नाई ना?"

मंडपाखालून निघालेली कॉलनी तोवर गाडीभोवती जमली होती. कोणाच्या डोक्यावर झालर, कोणाच्या हातात अर्धा धोंडा. कोणी काही बोलत नव्हतं. मनकर्णाबाईसुद्धा नाही, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. साधना खिडकीशी येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला पुरण लागलेलं होतं. मला इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना, म्हणून मी उगाच वायपर चालू केला.

साहेब, खोली, जेवण, मैत्रिणी असं सगळं सांगून झाल्यावर दामिनी म्हणाली, "पण आबा, हे खरंच बाबांनी बसवलं? बाबांना घरातला बल्ब बदलता येत नाही. मागं गीझरला हात लावला तर तीन घरांची लाइट गेली होती."

हेही त्याच आवाजात, सगळ्या कॉलनीला. मनकर्णाबाई पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

महादेवरावांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "तुया बाप चांगला हाय," ते नातीला म्हणाले. "ह्या वाणाले आमचं मांगचं वाण जोडलं त्यानं. कोनता जवाई इतलं करते?"

बंडू गाडीखाली डोकं घालून आला आणि म्हणाला की अर्थिंग बॉडीला लागलं म्हणून वाजलं, एवढंच. देवीदासरावांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ताम्हण खड्ड्यात मुरलेलं होतं, म्हणून वाजलं. नुसत्या ताम्हणानं वाजत नसतं. मैनाबाईंनी दोघांचंही महादेवरावांच्या कानाशी ओरडून सांगितलं, आणि खड्ड्याला रोज पाणी लागतं हे देवीदासरावांचं त्यांना पटलं.

त्या दिवशी ते गाडीतून उतरलेच नाहीत. धोंडे त्यांना सीटवरच वाढले. आणि संध्याकाळी गाडीसकट अकोल्याला गेले, बंडू चालवत. सासऱ्यानं जावयाला वाण द्यावं हे शास्त्रात आहे. जावयानं सासऱ्याला गाडी दिल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. तिवश्याच्या कालव्यावर मी आता एसटीनं जातो. बंडूनं काळी वायर चेसिसला बोल्टानं पक्की केली, ताम्हण काढून घासून परत पाठवलं. घरातच स्पीकर लावून देतो असंही तो म्हणाला, पण महादेवराव ऐकत नाहीत. साधनानं पुन्हा एकदा कानाच्या मशीनचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "कानात मशीन घालते तो म्हतारा. मशीनमंधी बसते तो मालक."

रोज संध्याकाळी ते अंगणातल्या गाडीत बसतात, काचा वर करतात आणि पुण्याला फोन लावतात. तिथलं संपलं की मला. पूर्वी मी त्यांना काहीही उत्तर दिलं तरी चालत असे. आता चालत नाही.

"जवाईबुवा," ते विचारतात, "खड्ड्यात पानी टाकलं का?"

खड्ड्यात आता वायर नाही, ताम्हण नाही, नुसतं मीठ आणि कोळसा. मी बादली घेऊन फाटकाबाहेर जातो, फोन खड्ड्याजवळ धरतो आणि पाणी ओततो.

"हाव," तिकडून आवाज येतो. "आलं आयकू."